कचरा कोणाच्या हाती जातो?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व व्यापारी बांधवांपुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, मुलींची गळती, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. यंदा मला विषय विचारला तेव्हा मी "दुकानांचा कचरा" असे सांगितले. आमचे सेक्रेटरीसाहेब क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. "सर, हा विषय नगरपरिषदेचा, शाळेचा कसा?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे माझे भाषण आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा फळ्यावरचे उतरवून घेताना डाव्या हाताने लिहीत होता. मला वाटले, खोडी करतो आहे. जवळ जाऊन पाहिले तर उजव्या हाताचे बोट सुजून टम्म झालेले, वर मळकी चिंधी. पुष्कळ विचारल्यावर म्हणाला, "सर, सुई लागली." शाळा सुटल्यावर तो आपल्या चाचांच्या भंगाराच्या गोदामात गोण्या निवडावयास बसत असे. त्यातल्या एका गोणीत सलाईनच्या नळ्या, कापूस, चहाचे कप आणि सुया एकत्रच होत्या. सुई टोचून तीन दिवस उलटून गेले होते. अब्बा रागावतील, गोदामात जाणे बंद होईल, म्हणून त्याने घरी सांगितले नव्हते.

मी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी सांगितले ते तुम्हा सर्वांना ठाऊक असावयास हवे. वापरलेली सुई टोचल्यास जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, पिळू नये, चोखू नये, आणि त्याच तासात सरकारी दवाखाना गाठावा. एड्सच्या विषाणूपासून बचावाच्या गोळ्या शक्य तर दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावयाच्या असतात. त्यानंतर त्यांचा उपयोग नाही. आमच्या मुलाचे ७२ तास केव्हाच संपले होते. कावीळ-ब च्या लसीचे लहानपणचे कार्ड घरी सापडेना, म्हणून ती लस पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बाकी रक्ताच्या तपासण्या, ठरावीक अंतराने, काही महिने. त्या काही महिन्यांत त्याच्या अम्मीची जी अवस्था झाली ती मी येथे सांगत बसत नाही.

ती गोणी कोठल्या दवाखान्याच्या दारातून आली हे चाचांना माहीत होते. त्यांनी सांगितलेही. मी ते नाव येथे घेणार नाही, कारण एका नावावर बोट ठेवले की बाकीचे आपण सारे सुटलो असे होते. खरे म्हणजे ती गोणी ज्याने बाहेर ठेवली त्याने एकच विचार केला, तो म्हणजे कचरा दाराबाहेर गेला, संपला. आपण सारेच असा विचार करतो. कचरा दाराबाहेर जातो तेव्हा तो संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या हाती जातो. आपल्या गावात तो हात बहुतेक वेळा आपल्याच शाळेतल्या मुलाचा, त्याच्या बापाचा किंवा घंटागाडीवरच्या माणसाचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग भंगाराचा धंदाच वाईट. मुळीच नाही. मला त्या धंद्याचा आदर आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठी थोडे मागे जातो. आपले चांदवड रेणुकादेवीसाठी आणि अहिल्यादेवींच्या रंगमहालासाठी प्रसिद्ध आहे. पण होळकरांच्या काळात येथे टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालत होता, हे मुलांना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते. जेथे सोनेचांदी तेथे झारेकरी. सराफाच्या दुकानातला केर विकत घेऊन तो धुऊन, चाळून त्यातले सोन्याचांदीचे कण काढणारा हा कारागीर. उर्दूत त्याला नियारिया म्हणतात. सराफ आपला केर कधी गटारात लोटत नाही, तो राखून ठेवतो, कारण त्यात काय आहे हे त्याला माहीत असते. हाच केर त्याने चहाच्या चोथ्यात आणि केळीच्या सालीत कालवला तर झारेकरी त्याला हात लावणार नाही. ज्या केरात काय आहे हे ठाऊक असते तो माल असतो, आणि ज्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते तो धोका असतो. भंगारवाल्याच्या काट्यावर तांबे, पितळ, पत्रा, पुठ्ठा यांचे वेगवेगळे भाव असतात ते काय उगीच?

आपल्या पेठेतून एकदा या दृष्टीने चालून पाहा. मी पाहिले आहे, वही घेऊन. दोन-तीन दुकानदारांना मी कसल्या तरी खात्याचा माणूस वाटलो, असो.

महामार्गाच्या कडेला आपली गॅरेजे आहेत. मुंबई-आग्रा रस्ता गावाजवळून जातो, त्यामुळे गाड्यांची दुरुस्ती हा आपल्या अनेक घरांचा पोटाचा उद्योग आहे. इंजिनातून काढलेले काळे ऑईल बरेच जण मागच्या चारीत ओततात. इतके थोडे तेल, जमिनीत मुरते, काय बिघडते, असे वाटते. पण एक लिटर तेल लाखो लिटर पाणी नासवू शकते, आणि ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे विहिरीत तेल मुरवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. हे तेल कायद्याने घातक कचरा ठरले आहे. ते झाकणाच्या पिपात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याला विकता येते. तेलकट चिंध्या मात्र पिपाशेजारी ढीग करून ठेवू नयेत. त्यांचा वेगळा, झाकणाचा पत्र्याचा डबा असावा.

बॅटरीचे प्रकरण याहून गंभीर आहे. ट्रकच्या जुन्या बॅटरीत शिसे असते आणि त्याला चांगला भाव येतो. म्हणून काही ठिकाणी ती हातोडीने फोडतात, ॲसिड जमिनीवर ओततात आणि शिसे शेगडीवर वितळवतात. ॲसिडने कपडे आणि कातडी जळते, ते डोळ्यांना दिसते. शिशाची धूळ आणि धूर दिसत नाही. ती फोडणाऱ्याच्या कपड्यावर बसून घरी जाते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे की रक्तातल्या शिशाचे असे कोणतेही प्रमाण नाही की जे मुलांना सुरक्षित म्हणता येईल. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. मूल वर्गात लक्ष देत नाही, पाढे विसरते, चिडते, आणि आम्ही मास्तर त्याला "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवतो. असे एखादे मूल मी स्वतः मागे बसवले असेल का, हा विचार मला अलीकडे छळतो. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असा नियम २००१ पासून झाला, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. नवी बॅटरी घेताना जुनी तेथेच द्यावी, तिचे पैसे वळते करून घ्यावेत. तोवर ती उभी, झाकून, मुलांपासून लांब ठेवावी. फोडू नये, एवढेच माझे मागणे आहे.

वेल्डिंगच्या दुकानात जेथे कारबाईडपासून गॅस करतात तेथला पांढरा गाळ गटारात जातो. त्यात न विरघळलेला एखादा खडा राहिला तर पाणी लागताच त्यातून पेटणारा वायू निघतो. गटाराच्या झाकणावर बसून बिडी पेटवणाऱ्याला हे कोण सांगणार? तसेच संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर. दोन्हींचे उरलेसुरले एकाच कुंडीत पडले तर क्लोरीन सुटतो. मी बी.ए.चा माणूस, हे सारे मी आमच्या विज्ञानाच्या सरांकडून समजून घेतले आहे.

कांद्याविषयी बोलावयाचे तर स्वतंत्र सभा घ्यावी लागेल. भाव पडले की सडका कांदा रस्त्याच्या कडेला येतो. त्याचा वास आपल्या साऱ्यांच्या ओळखीचा आहे. वाळलेली पात, सालपट वेगळे राहिले तर त्याचे खत होते. पण तोच कांदा प्लॅस्टिकच्या फाटक्या गोणीसकट फेकला की ना तो खताचा राहतो ना गोणी विकण्याची राहते, आणि जनावर त्याला तोंड लावते ते गोणीसकट. चिकन-मटणाच्या दुकानदार बांधवांना एवढेच सांगतो की पिसे आणि आतडी रात्री अंधारात चारीत टाकल्याने कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात, आणि सकाळी त्याच वाटेने पाठीवर दप्तर घेतलेली पोरे जातात. झाकणाचा डबा आणि ठरलेली गाडी हाच इलाज आहे. बकरी ईदच्या तीन दिवसांत तर हे काम मोहल्ल्याने आधीच वाटून घ्यावयास हवे. स्वच्छतेविषयी धर्म काय सांगतो हे मौलवीसाहेब माझ्यापेक्षा उत्तम सांगतील, मी तेथे शिरत नाही.

आता कुंडीविषयी, म्हणजे तो मोठा लोखंडी डबा, जो गाडी साखळीने उचलून नेते. तो एकदा ठेवला की आपण त्याला भिंतीसारखे समजतो. पण ते एक यंत्र आहे, आणि त्याने माणूस मरू शकतो. डबा उचलताना किंवा गाडी मागे घेताना मुले जवळ उभी राहून गंमत पाहतात, ते थांबवले पाहिजे. डब्यात उतरून भंगार वेचणारे मूल बाहेरून दिसत नाही, म्हणून उचलण्यापूर्वी आत डोकावून, पत्रा वाजवून पाहणे हा नियम असावा. डबा विजेच्या तारेखाली, कांद्याच्या शेडला किंवा दुकानाच्या लाकडी फळीला लागून ठेवू नये. बेकरीची आणि तंदुराची राख त्यात गरम टाकू नये. राखेच्या पोटात निखारा एक-दोन दिवसही जिवंत राहतो, वरून मात्र ती थंडगार दिसते. ती पाण्याने पूर्ण विझवून मगच टाकावी. फवाऱ्याचे डबे, छोटे गॅसचे नळकांडे, लायटर हे उष्णतेने किंवा दाबाने फुटतात. काच फुटली तर कागदात, पुठ्ठ्यात गुंडाळून, बाहेर ठळक लिहून वेगळी द्यावी. आणि डबा शिगोशिग भरल्यावर वर चढून पायाने दाबू नये. हे मी पाहिले आहे, चपला घालून दाबताना.

डबा भरला की आपल्याला सुचणारा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काडी. पुठ्ठा, पिशव्या, वायर, सारे पेटवून द्यावयाचे. वायर जाळून तांबे काढणाऱ्याच्या छातीत जो धूर जातो तो लाकडाचा नसतो. त्या आवरणातून निघणारी द्रव्ये अत्यंत विषारी असतात. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागून धूर इतका पसरला की तेथल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्यामुळे शाळेला सुटी, असा हा प्रकार. सेक्रेटरीसाहेबांच्या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे.

येथे एक कबुली देतो. मागील स्नेहसंमेलनानंतर थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले आणि उरलेला पुलाव यांचा मोठा ढीग पटांगणाच्या कोपऱ्यात पडला होता. दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती. तो ढीग शिपायाकडून पेटवून घेणारा मीच होतो. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने अशा वस्तूंवर बंदी घातली हे मला ठाऊक नव्हते असे नाही. घाई होती.

मोठ्या ठिकाणी हे प्रकरण हाताबाहेर गेले की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा नारेगावच्या लोकांनी आपल्याकडे घेण्यास नकार दिला. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या दारात टाकलेले शहराच्या स्वतःच्या दारात साठू लागले, आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दंगल झाली. दिल्लीचे उदाहरण तर आम्हा शिक्षणातल्या लोकांना खाली मान घालावयास लावणारे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून पडून असलेले एक यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते उघडले गेले, कित्येक कामगार आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. ते यंत्र विकणारे अडाणी नव्हते, प्राध्यापक होते. त्यांनीही दाराबाहेर गेले म्हणजे संपले, असेच मानले असणार.

चांगली उदाहरणे लांब शोधण्याची गरज नाही. घरोघरी घंटा वाजवत जाणारी गाडी नव्वदच्या दशकात आपल्या नाशिकने रुळवली. त्याच नाशिकला २०१७ साली जर्मन संस्थेच्या मदतीने एक प्रकल्प उभा राहिला, त्यात हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वायू आणि त्यापासून वीज करण्याची योजना होती. हॉटेलवाल्याने त्यात प्लॅस्टिकची पिशवी टाकली की यंत्र अडते, म्हणून वेगळे करण्याला पर्याय नाही. कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचे अनेक प्रकार वेगळे करून आपल्या कचरा डेपोची जागा पाहुण्यांना दाखवण्याजोगी केली. ते गाव आपल्याहून फार मोठे नाही, हे विशेष.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते पुण्याचे काम. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर वाकून वेचणाऱ्या बायांना ओळखपत्रे मिळाली. २००८ पासून 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेमार्फत त्या घराघरांतून, दुकानांतून वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या आणि त्याबद्दल महिन्याला ठरलेली रक्कम मिळू लागली. येथे बदलले काय? काम तेच, माणसे तीच. बदलले एवढेच की कचरा हाती देताना देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहिले. सॅनिटरी पॅड उघडे देऊ नका, कागदात गुंडाळून खूण करून द्या, असे त्या बाया सांगू शकल्या. उकिरड्यावर फेकणाऱ्याला कोण काय सांगणार?

आपले काही व्यापारी बांधव म्हणतील, "आम्ही पट्टी भरतो, पुढचे नगरपरिषद पाहील." पट्टी भरता हे खरे. पण नगरपरिषदेच्या माणसाच्या हातात तुमच्या गोणीत काय आहे हे ओळखण्याची जादू नाही. ती माहिती फक्त तुमच्यापाशी, आणि तीही गोणीचे तोंड बांधेपर्यंतच. दवाखाना चालवणाऱ्यांना तर सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा आणि नळ्यांसाठी लाल पिशवी हे २०१६ च्या नियमांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि असा कचरा कायमच साध्या कचऱ्यापासून वेगळा द्यावयाचा असतो. भंगारवाल्या बांधवांनी अशी गोणी काट्यावर घेऊच नये. दहा रुपये सोडावे लागतील, सोडा. आणि चौदा वर्षांखालील मुलाला निवडावयास बसवू नका. घरचाच आहे, शाळेनंतर बसतो, असे मला सांगितले जाते. सुईला घरचा-परका कळत नाही. मोठ्या माणसांनाही जाड हातमोजे आणि बंद बूट द्या, लांब चिमटा द्या, गोणीत आंधळेपणी हात घालू देऊ नका, ती आधी ताडपत्रीवर ओता.

त्या मुलाच्या चाचांना मी हे सांगावयास गेलो तेव्हा भांडण होईल अशी तयारी ठेवली होती. त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "सर, वेगळा माल मिळाला तर मी भाव वाढवून देईन. माझा निम्मा दिवस निवडण्यातच जातो." धंद्याच्या माणसाने दोन वाक्यांत सांगितले ते मी इतका वेळ सांगत बसलो आहे.

शाळेपुरते आम्ही ठरवले आहे ते सांगून थांबतो. फाटकाजवळ तीन पिपे ठेवली आहेत, एक ओल्यासाठी, एक कागद-पुठ्ठ्यासाठी, एक काच-पत्र्यासाठी. प्रयोगशाळेतल्या बाटल्या आणि जुन्या ट्यूबलाईट त्यांत पडणार नाहीत. त्यांत पारा असतो, म्हणून त्या कपाटात कुलपात आहेत आणि किल्ली विज्ञानाच्या सरांकडे आहे. यंदाच्या संमेलनाला जेवण स्टीलच्या ताटांत आहे. ताटे भाड्याची आहेत, धुण्याला माणसे हवीत, ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी नावे कचेरीत द्यावीत. त्या मुलाच्या आतापर्यंतच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत. शेवटची तपासणी आणि लसीचा तिसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. तारीख मी हजेरीपटाच्या कव्हरवर लिहून ठेवली आहे.